गाणाऱ्याच्या खांद्याकडे बघा

ड्रम शिकायला आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी वाजवू देत नाही, नुसतं बसायला शिकवते. लोकांना तो अपमान वाटतो. ऑफिसात हाताखाली माणसं असलेला, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवलेला माणूस, आणि ही बाई त्याला सांगते की तुला बसता येत नाही. पण खरंच येत नाही. स्टूल इतकं खाली घेतात की गुडघे पोटाशी येतात, आणि मग आठवड्याभरात कंबर धरून बसतात. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी, पाठ ताठ, खांदे सैल. एवढं जमलं की निम्मं आलं असं समजा. उरलेलं निम्मं यायला वेळ लागतो, ते वेगळं.

काठी मुठीत आवळू नका. मागच्या टोकापासून थोडी पुढे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरा. बाकीची बोटं नुसती सोबतीला. मारल्यावर काठी आपणहून वर आली पाहिजे. तुम्हीच तिला उचलत असाल तर संध्याकाळपर्यंत मनगट बोंबलेल आणि तुम्ही मला फोन कराल. मी फोनवर मनगटाची चौकशी करत नाही, काठी कशी धरली होती ते विचारते.

आणि ड्रमसेट घ्यायला धावू नका. माझ्याकडे सगळे आधी फळीवर शिकतात, मग माझ्या ड्रमवर. इथे जयपूरजवळ सांगानेरला ठशांच्या छपाईची लांबलचक टेबलं असतात, ठसा नीट उठावा म्हणून त्यांच्यावर तागाचे आणि जाड कापडाचे थर ताणून बसवतात. तसलं एक जुनं टेबल मोडत होते तेव्हा मी ते थर मागून आणले आणि पाटाएवढ्या फळ्यांवर ठोकून घेतले. काठी त्यावर झकास उसळते आणि शेजारी भांडायला येत नाहीत. रबराची तयार गादी मिळते, पण मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या खोलीत ती चिकट होते.

ही खोली म्हणजे माझा वर्ग. दुर्गापुऱ्यातलं घर, वर गच्ची, गच्चीवर एक खोली, खोलीच्या भिंतींना आवाज अडवायला जुन्या रजया टांगलेल्या. उन्हाळ्यात तिथे दिवस चढला की बसवत नाही, म्हणून माझा वर्ग सहाला सुरू होतो. ज्याला उठवत नाही त्यानं गिटार शिकावी.

मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात असताना एका लेडीज ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होते. गणेशोत्सव, उरूस, साखर कारखान्यांचे कार्यक्रम, सगळीकडे फिरलो. लोक बाई ड्रम वाजवते हे बघायला यायचे आणि ऐकून जायचे. लग्न झालं, नवऱ्याची नोकरी शेती-संशोधनातली, तिच्यामागे जयपूरला आले आणि इथलीच झाले. इथल्या मराठी मंडळात मला सगळे ओळखतात. काहीजण टाळतातही, कारण मला चूक दिसली की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. बेसूर गाणाऱ्याला मी बेसूर म्हणते, आणि पुरणात गूळ कमी पडला असेल तर तेही सांगते.

तर मंडळातली एक मुलगी माझ्याकडे आली ती गुढीपाडव्याच्या कार्यक्रमानंतर लगेचच. तिशी ओलांडलेली, आयटीत नोकरी, जन्म आणि शाळा जयपूरची. आईवडील नागपूरचे. आई काही वर्षांपूर्वी गेली. घरात ती आणि बाबा दोघंच.

"काकू, मला ड्रम शिकायचंय," ती म्हणाली. "मतलब, एकच गाणं वाजवता आलं तरी चालेल."

"एका गाण्यासाठी कुणी ड्रम शिकतं होय गं?"

"बाबांसाठी."

तिचे बाबा म्हणजे आमच्या मंडळातले डॉक्टर. सगळी नोकरी इथल्या एका इस्पितळात काढून निवृत्त झालेले. दर पाडव्याला ते पेटी घेऊन बसायचे आणि एक जुनं भावगीत म्हणायचे. दर वर्षी तेच. लोक हसायचे, पण ते झाल्याशिवाय पाडवा झाला असं कुणाला वाटायचं नाही. साथीला आमच्यातलेच एक तबलजी होते. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि मंडळात ट्रॅक आला. गाण्याचं तयार वाद्यसंगीत फोनवरून स्पीकरला जोडायचं आणि माणसानं माईक घेऊन फक्त गायचं. आता सगळे ट्रॅकवरच गातात. सेक्रेटरींना ट्रॅक फार आवडतो, कारण गाणं किती वेळ चालणार ते आधीच कळतं आणि जेवणाच्या पंगती वेळेवर बसतात.

डॉक्टरांच्या फुप्फुसांचं दुखणं तोवर बरंच वाढलं होतं. जिन्यात थांबायचे, बोलता बोलता थांबायचे. तरी त्या पाडव्याला उभे राहिले. मुखडा झाला, पहिला अंतरा निम्मा झाला आणि त्यांना श्वास पुरेना. ट्रॅक पुढे निघून गेला. त्यांनी मागून शब्द पकडले, पुन्हा सुटले. शेवटी माईक छातीशी धरून नुसते उभे राहिले, आणि ट्रॅक आपला बासरी, व्हायोलिन सगळं साग्रसंगीत वाजवत शेवटाकडे चालला. बंद करायचं कुणाला सुचेना. मी मागच्या रांगेतून उठून वायर उपटायला पोचले तोवर गाणं संपलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला जेवढा राग आला तेवढा मला क्वचितच कशाचा आला असेल.

"ट्रॅकच फास्ट होऊन राहिला होता," डॉक्टर खाली उतरल्यावर म्हणाले. छातीबद्दल एक शब्द नाही.

"तेव्हापासून पेटी उघडतच नाहीत," त्यांची मुलगी मला सांगत होती. "मी म्हटलं, बाबा, घरी तरी गा. तर म्हणतात, झालं आता. काकू, ते दिवसभर खिडकीत बसतात. आई गेल्यावर पण ते असे नव्हते. त्यांना ते गाणं एकदा पूर्ण म्हणता आलं पाहिजे, लोकांसमोर."

मी म्हटलं, मग मीच वाजवते की साथीला. त्यावर तिनं मान हलवली. "तुम्ही वाजवलं तर त्यांना कळेल की त्यांच्यासाठी केलंय. ते येणारच नाहीत. मी शिकले, आणि म्हटलं की मला गाणारं कुणी मिळत नाही, तर माझ्यासाठी येतील." मुलगी बापाला पुरती ओळखून होती. मी तिला त्याच दिवशी स्टुलावर बसवलं.

भावगीताला ड्रम म्हटल्यावर नाकं मुरडणारे लोक असतात. त्यांनी ड्रम फक्त वरातीत ऐकलेला असतो. काठीऐवजी तारांचा ब्रश घ्या, डाव्या हातानं तो ड्रमच्या कातडीवर गोल फिरवा, उजव्यानं हलका ठेका धरा, पायानं दाबून वाजवायच्या झांजा अगदी अलगद मिटा. पेटीच्या वर आवाज जाता कामा नये. नवशिक्याला जोरात वाजवणं सोपं जातं आणि हळू वाजवताना त्याची लय पळते. म्हणून मी सगळ्यांना हळूच शिकवते. तुमच्या वाजवण्यावर शेजारच्या माणसाला नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. आणि मोजायचं तोंडानं, मोठ्यानं. मनातल्या मनात मोजणारा माणूस स्वतःला फसवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

पोरगी मेहनती निघाली. ऑफिसला जायच्या आधी यायची, घामानं निथळत वाजवायची. आंधी आली की खोलीत सगळीकडे धूळ, ती ब्रश झटकून पुन्हा बसायची. पावसाळा संपेपर्यंत तिचा ठेका पक्का झाला. इतका पक्का की मला तिचं कौतुक वाटायला लागलं, आणि दिवाळीनंतर तिनं बाबांपुढे विषय काढला. डॉक्टरांनी आधी आढेवेढे घेतले, मग पेटीवरची खोळ काढली. मुलीची अडचण म्हटल्यावर काय करणार.

त्यांच्या घरी झालेल्या पहिल्या तालमीला मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डोळे सुजलेले.

"काकू, मी एकदाही चुकले नाही. ते मागे राहिले. तीनदा सुरू केलं, तीनदा राहिले. मग पेटी बंद केली आणि म्हणाले, तू पक्की हो आधी, मग पाहू."

"वाजवून दाखव," मी म्हटलं.

तिनं पिशवीतून इअरफोन काढला आणि कानात घातला. मी विचारलं, हे काय? तर फोनमध्ये टिकटिक लावलेली. बाबांनी पूर्वी म्हटलेलं गाणं कुणीतरी रेकॉर्ड केलं होतं, त्याची लय तिनं फोनवर मोजून घेतली होती, आणि महिनोन्महिने घरी त्या टिकटिकीवर सराव केला होता. नजर खाली, ड्रमवर. डॉक्टरांपुढेही तशीच बसली होती. बाबा अडले तेव्हा तिला दिसलेच नाहीत आणि ऐकूही आले नाहीत, कारण कानात टिकटिक चालू होती.

मी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तू त्यांच्यासाठी दुसरा ट्रॅक तयार केलास की!"

ती रडायलाच लागली. मला तिची दया आली, पण आवाज काही खाली आला नाही. तो माझा येतच नाही. खरं सांगायचं तर तिचाही दोष नव्हता. तिच्या वयाच्या मुलांनी मंडळात गाणाऱ्यामागे माणूस बसलेला फारसा पाहिलेलाच नाही. गाणं म्हणजे ट्रॅक, आणि चांगलं गाणं म्हणजे ट्रॅकबरोबर संपणारं गाणं, अशीच त्यांची समजूत. माझ्याकडे येणारे सगळे हीच चूक करतात. टिकटिक वाईट नाही. हात बसेपर्यंत ती हवीच. पण ती घरी ठेवायची. माणसाबरोबर वाजवायला जाताना कान रिकामे पाहिजेत.

मग मी तिला ऑर्केस्ट्रातलं शिकवलं. आमची मुख्य गायिका गाता गाता पदर सावरायची, पाणी प्यायची, पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्याला वाकून नमस्कार करायची. गाणं कधी अडलं नाही. आम्ही मागे तोच ठेका हलक्या हातानं फिरवत राहायचो, एक आवर्तन, दोन आवर्तनं, ती म्हणेल तेवढी. लय तीच ठेवायची. ओळींच्या मधली जागा मात्र गाणाऱ्याच्या मालकीची. ती त्याला पाहिजे तेवढी लांबवू द्यायची आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे असंच बसवलंय.

फोन मी ठेवून घेतला. ड्रम फिरवून तिरके लावले, म्हणजे मान न वळवता समोरचा माणूस दिसेल. आणि गाण्याच्या ओळी म्हणत मी गच्चीवर फिरायला लागले. मध्येच थांबायचे. कठड्याशी जाऊन खालच्या भाजीवाल्याशी मटारच्या भावावरून भांडायचे. तिनं तोवर हलकं वाजवत राहायचं, आणि मी परतून ओळ उचलली की पहिल्या मात्रेवर मला गाठायचं. सुरुवातीला ती घाबरून थांबायची, नाहीतर मला ओढून न्यायला जोरात वाजवायची. भाजीवाल्यालाही सवय झाली, तो विचारायचा, "आज भैया को डांटना नहीं है क्या?"

"पण काकू, ते कधी सुरू करणार हे मला कळणार कसं?"

"खांद्याकडे बघ. श्वास घेताना खांदा आधी वर जातो. तुझ्या बाबांचा तर जातोच जातो. खांदा वर गेला की ओळ येणार. नाही गेला तर फिरव आणखी एक आवर्तन. ठेक्याला काय, पोटाला लागत नाही."

हिवाळ्यात तालमी पुन्हा सुरू झाल्या. आता मीही जात होते, कोपऱ्यात स्वेटर विणत बसायचे. डॉक्टर तिला भरपूर रागवायचे. "काय करून राहिली? तेच तेच काय वाजवतेस?" ती म्हणायची, "सॉरी बाबा, चुकलं," आणि नजर त्यांच्या खांद्यावरून हलवायची नाही. थंडी वाढली तसा त्यांचा श्वास आणखी तुटायला लागला. काही दिवस दोन ओळींच्या पुढे गेलेच नाहीत. हा माणूस पाडव्यापर्यंत गाऊ शकेल की नाही, हे तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. तिनं विचारलं नाही.

सेक्रेटरींशी भांडण व्हायचं होतं, ते झालं. त्यांचं म्हणणं, ड्रम आणायचे, लावायचे, काढायचे, वेळ जातो. शिवाय डॉक्टरांची तब्येत बघता त्यांना या वर्षी प्रमुख पाहुणे करू, शाल देऊ.

"शाल तुम्ही घ्या," मी म्हटलं. "ते गाणार आहेत. ड्रम मी लावते, मीच काढते, आणि पंगत उशिरा बसली तर वाढायला मी उभी राहते." माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांनी कार्यक्रमात नाव घातलं.

पाडव्याच्या दिवशी स्टेजवर पेटीमागे डॉक्टर, आणि बाजूला तिरके लावलेले ड्रम. ती सिल्कची साडी नेसून आली होती. साडीत पाय मोकळा कसा ठेवायचा ते मी आधीच दाखवलं होतं. माझं सगळं वाजवणं साडीतच झालंय. मी पहिल्या रांगेत कडेला बसले. तिनं ब्रश नेहमीपेक्षा जरा जास्त आत धरले होते. घाबरल्यावर तसंच धरायचं असतं, मीच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी सूर धरला. तिनं एक आवर्तन वाजवलं, दुसरं वाजवलं, त्यांचा खांदा वर गेला आणि मुखडा आला. आवाज पातळ झाला होता, पण सूर जिथल्या तिथे. पहिला अंतरा त्यांनी तुकड्यातुकड्यांनी म्हटला. प्रत्येक तुकड्यानंतर ती ठेका फिरवत राहिली आणि ते आले की बरोबर पहिल्या मात्रेवर भेटली. लोक माना डोलवत होते. कुणाला काही कळत नव्हतं.

दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी ते थांबले ते थांबलेच. पेटीचा भाताही थांबला. मान खाली. माईकमधून त्यांची छाती वाजलेली ऐकू येत होती. ती नुसत्या ब्रशवर आली, तोही इतका हलका की पंख्याचा आवाज मोठा वाटावा. एक आवर्तन गेलं, आणखी एक गेलं, मग मी मोजायचं सोडलं. मला वाटलं, संपलं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी मागे वळून असं बघितलं की तो हात तिथेच राहिला. तिनं लोकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बापाच्या खांद्यावर डोळे लावून ती ब्रश फिरवत होती.

खांदा वर गेला. भाता हलला. त्यांनी दुसरा अंतरा उचलला आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेले, मुखड्यावर परत आले आणि गाणं जिथे संपायचं तिथे संपवलं. मी रडले. लपवायचं काही कारण नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये डॉक्टर खुर्चीवर बसले होते. चेहरा दमलेला, पण वर्षभरात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला हाक मारून त्यांनी शेजारी बसवलं.

"वहिनी, पोरगी बरी तयार केली तुम्ही," ते म्हणाले. मग थोडे जवळ झुकले, आवाज खाली केला. "पण कच्ची आहे अजून. मधेमधे अडकून राहिली होती. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी पाहिलं ना तुम्ही? पुढचं सापडेच ना तिला, तेच ते वाजवून राहिली. मी म्हटलं, घाई नको. थांबलो तिच्यासाठी. नाहीतर भर सभेत फजिती झाली असती पोरीची."

मी तोंड उघडलं. चूक दुरुस्त करायला माझं तोंड आपोआप उघडतं. तेवढ्यात ती त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिलेली दिसली, हातात त्यांच्यासाठी श्रीखंड-पुरीचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तोंड मिटलं.

"हो बाबा," ती ताट त्यांच्या हातात देत म्हणाली. "तुम्ही थांबलात म्हणून जमलं मला."

"मग! बाप आहे मी." त्यांनी पुरी मोडली, श्रीखंडात बुडवली, आणि घास तोंडाशी नेता नेता थांबून श्वास घेतला. ती बाजूला उभी राहून त्यांच्या खांद्याकडे बघत राहिली.

"पुढच्या वर्षी दोन गाणी घेऊ," ते म्हणाले. "तोवर तुझाही हात बसेल."